पितृपक्षात वाजलेली गिटार

त्या दिवशी मी कल्याणला, खडकपाड्याच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या टेलिफोनच्या डब्यासमोर उकिडवा बसलो होतो. आठवडाभराच्या पावसाने तारांच्या जोडांत पाणी शिरलं होतं आणि एकेक जोडी तपासणं चाललं होतं. तपासणीचा फोन तारेला लावून मी एक्स्चेंजला नंबर सांगितला, तर ड्यूटीवरच्या बाई म्हणाल्या, "बरं झालं तुम्हीच लावलात. कोलशेतवरून फोन आलेला. काशिनाथ गेले, एवढंच सांगा म्हणाले." मी बरं म्हटलं. पुढची जोडी लावली, तिचाही नंबर सांगितला. तिसऱ्या जोडीला मात्र हात चालेना... तार हातात धरून तसाच बसून राहिलो आणि कानात डायल टोनचा तो एकसुरी आवाज येत राहिला. फार पूर्वी एकदा वाण्याच्या दुकानातला फोन कानाला लावून काशिनाथ मला म्हणाला होता, ही पेटीची पांढरी पाच आहे बघ, जरा चढलेली. फोनमध्येही सूर असतो हे मला त्याच्याकडून कळलं, आणि पुढे माझा सगळा जन्म त्या सुरातच गेला.

त्याचं वय छत्तीस. कावीळ झाली आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. आज त्याला सव्वा महिना होऊन गेला. त्याची एकही कॅसेट निघाली नाही, त्याचा फोटो कुठे छापून आला नाही. गिटार घेऊन लोकांसमोर तो एकदाच उभा राहिला, तेही डोंबिवलीतल्या एका मंगल कार्यालयात, ऐन पितृपक्षात, ऐंशी-नव्वद माणसांपुढे. त्या रात्री मी त्याच्या डाव्या अंगाला ड्रमवर होतो. तिथे काय झालं आणि नंतर आम्हा दोघांत काय झालं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

आमची ओळख ठाण्यातल्या टेंभी नाक्याची. नवरात्रात देवी यायची होती आणि मिरवणुकीत कोलशेतची बेंजो पार्टी वाजवत होती. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य; त्याला तारांचा आवाज उचलणारा विजेचा पिकअप आणि आवाज घुमवणारं एको मशीन जोडलं की अख्खा रस्ता दणाणतो. त्यांचा एक वाजवणारा ऐनवेळी आला नाही. आमच्या चाळीत जयंतीच्या गाण्यांची पार्टी होती, माझे वडील गायचे आणि मी ढोलकीवर असायचो, म्हणून मला बोलावून उभं केलं. टेम्पोत माझ्या शेजारी बेंजोवर काशिनाथ. कोळ्याचा पोरगा, माझ्याच वयाचा, काटक, हसला की एक दात पुढे यायचा. कोपऱ्यावर गाडी वळताना त्याने एको मशीनचं बटण अगदी शेवटपर्यंत फिरवलं. ओळखीचं गाणं विरघळायलाच लागलं... एका सुरातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, जसा पाण्यावरचा तेलाचा तवंग पसरत जातो. नाचणारी माणसं गोंधळून थांबली. पार्टीच्या मालकाने मागून येऊन मशीन बंद केलं आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. मला हसू आवरेना. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तोही हसला. एवढ्यावर मैत्री झाली.

तिसरा हेमंत. डोंबिवलीचा, इंजिनीअरिंगला होता. त्याच्या बहिणीचा नवरा आखातात असायचा, तो येताना परदेशी रॉकच्या कॅसेट आणायचा. एका दुपारी हेमंतने आम्हाला घरी नेलं, दार-खिडक्या लावून घेतल्या आणि एक कॅसेट चालू केली. एकच गाणं, कॅसेटची अख्खी बाजू संपेपर्यंत चाललेलं. जड, संथ, मध्येच उधाणलेलं, मध्येच असं ओसरलेलं की टेप बंद पडला असं वाटावं. मला निम्मं कळलं नाही. काशिनाथ फरशीवर डोळे मिटून बसला होता. संपल्यावर त्याने ते कुणाचं आहे, कुठल्या देशाचं आहे, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "यांच्याकडेपण खाडी असणार." आमच्या बँडचं नाव त्यावरून पडलं. हेमंतला इंग्रजी नाव हवं होतं, पण आम्ही दोघांनी खाडीच ठेवलं.

दर रविवारी आम्ही कोलशेतला जमायचो. खाडीच्या काठी त्याच्या बापाची जाळी ठेवायची खोपी होती. खाडीत मासळी उरली नव्हती, बाप थकला होता आणि काशिनाथ गावालगतच्याच एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला लागला होता. दिवसभर कानाशी ते धडाधड आदळणारं मशीन. तरी रविवारी आला की त्याला आवाज हवाच असायचा. एका मोडक्या गिटारीला त्याने बेंजोचा पिकअप बसवला होता आणि कारखान्यातला पान्याचा सॉकेट करंगळीत घालून तो तारांवरून घसरवायचा. माझा ड्रमसेट म्हणजे लग्नाच्या ब्रास बँडचा एक जुना ढोल, एक साइड ड्रम आणि दोन झांजा. सगळ्याला सुकटीचा वास. ओहोटीला चिखलावर बगळे उभे असायचे, पलीकडे धुक्यात तिवरांची रेघ, आणि आम्ही तिघं एकाच ठेक्यावर तासन्‌तास... वेळ जातोय हे पायाला मुंग्या आल्यावर कळायचं.

तीन रचना बसल्यावर हेमंतने मामाला गाठलं. मामाचं डोंबिवलीत मंगल कार्यालय होतं आणि पितृपक्षात ते रिकामंच असायचं. मामांनी एकच अट घातली, नऊला सुरू करा आणि अकराला बंद. अशी ती रात्र ठरली.

त्याच आठवड्यात मला टेलिफोन खात्याचं पत्र आलं. नेमणूक नांदेडला, आठ दिवसांत हजर व्हायचं. घरात पेढे वाटले, वडील रडले. मी ते पत्र घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि ते तसंच घेऊन डोंबिवलीला गेलो. कार्यक्रमाआधी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. खरं तर सांगायचं धाडस नव्हतं.

बेंजो पार्टीच्या टेम्पोने सामान आणलं. त्याच टेम्पोतून, शीळफाट्यावरून धक्के खात, काशिनाथची आई आणि शेजारच्या दोघी आल्या. चांगुणाबाई सकाळी ठाण्यात दारोदार म्हावरं विकायची आणि संध्याकाळी मुलाच्या त्या मोडक्या गिटारीला शिव्या द्यायची. ती येईल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. आम्हाला तयारीला 'वधूपक्ष' अशी पाटी असलेली खोली मिळाली होती. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या, त्या हलवायला जड. हेमंतने चांगुणाबाईला त्यातल्या एका खुर्चीत बसवलं, स्टेजच्या कडेलाच. नऊवारी लुगडं, डोक्यात अबोलीचा गजरा, मांडीवर रिकामी पिशवी. ती जराही अवघडली नाही.

समोर हेमंतच्या कॉलेजची मुलं, आसपासच्या इमारतींमधले काही जण आणि दाराशी हाताची घडी घालून मामा. मागच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली होती. हेमंतच्या एका मित्राने शाळेतून स्लाइड प्रोजेक्टर आणला होता. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये खोबरेल तेल आणि रंगीत शाईचे थेंब घालून तो त्या दिव्यासमोर धरायचा. दिव्याच्या उष्णतेने थेंब फुगायचे, फुटायचे, एकमेकांत शिरायचे आणि आमच्या अंगावरून, चादरीवरून जांभळे-हिरवे ढग सरकायचे. सगळ्या हॉलला न्हाणीघरासारखा वास सुटला होता.

पहिल्या दोन रचना फसल्या. मुलांना ओळखीची इंग्रजी गाणी हवी होती. मागे कुणी गप्पा मारत होतं, काही उठून खाली चहाला गेले. हेमंतच्या बास गिटारचा सूर लागेना. मी काशिनाथकडे बघितलं तर तो आमच्याकडे पाठ करून उभा होता, गिटारचा आवाज बाहेर टाकणाऱ्या अँपच्या अगदी जवळ, गुडघे टेकतील इतका जवळ. मला वाटलं, घाबरलाय.

मग त्याने तिसरी रचना धरली. तिला नाव नव्हतं. सॉकेट तारेवर हलकेच ठेवून त्याने एकच सूर काढला आणि एकोवर सोडून दिला. तो सूर जाऊन परत आला, त्यात त्याने दुसरा मिसळला. मी झांजेवर नुसती बोटं फिरवत होतो. किती वेळ असं चाललं कोण जाणे... हळूहळू बास खालून वर आला आणि तेव्हा आम्हाला एक नवाच आवाज ऐकू यायला लागला. स्वयंपाकघरात लग्नाच्या जेवणाची मोठाली पातेली एकात एक घालून ठेवली होती, ती बासबरोबर गुणगुणायला लागली होती. आधी एक, मग सगळीच. काशिनाथने ते ऐकलं की पायाखाली जाणवलं, मला ठाऊक नाही, पण तो त्या पातेल्यांच्या सुराला गिटार मिळवत गेला. मी ढोलावर हात टाकला. पुढचं मला सलग आठवत नाही. गप्पा थांबल्या होत्या एवढं आठवतं. चहाला गेलेली मुलं जिन्यात उभी होती. हिरवा ढग काशिनाथच्या पाठीवरून चढत होता, छताचे पंखे आपोआप उलटे फिरतायत असं वाटत होतं, आणि कोलशेतच्या त्या दोघी बायका पहिल्या रांगेत मान खाली घालून हलकेच डुलत होत्या, बोटीत बसल्यासारख्या. आवाज एवढा वाढला की तो आवाज राहिलाच नाही, अंगावर पांघरूण घातल्यासारखं काहीतरी झालं. त्यात ऊब होती. मी वाजवतोय आणि मीच कुठून तरी लांबून ते बघतोय... आयुष्यात तसं पुन्हा कधी झालं नाही. शेवटाकडे त्याने सगळं उधाणावर नेलं आणि एका क्षणी हात उचलला. पातेली तेवढी एकटीच काही वेळ वाजत राहिली.

टाळ्या उशिरा आल्या. मामा दाराशी तसेच उभे होते, घड्याळाकडे बघायचं विसरून. काशिनाथ गिटार खाली ठेवून आईसमोर जाऊन उकिडवा बसला. चांगुणाबाईने त्याचा घाम पदराने पुसला आणि म्हणाली, "भरतीचा पानी असाच येते. पहिला कानान येते, मंग डोल्यांना दिसते." तिने त्या गिटारीला शिवी दिलेली मी त्यानंतर ऐकली नाही.

सामान बांधताना स्वयंपाकघरात मी त्याला पत्र दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं. मी बोलत होतो, सुट्टीला येईन, ठाण्यात बदली मागेन, असं काहीबाही. आणि तो माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघत होता. मला ते तुटकपणाचं वाटलं. शेवटी म्हणाला, "जा रे दिल्या. चांगलं झालं. मलापण तुला एक सांगायचंय, पण आज नको."

ते सांगणं राहूनच गेलं. नांदेडहून मी दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. एकदा कोलशेतच्या वाण्याकडे ट्रंककॉल लावून त्याला बोलावणं धाडलं, तो आला नाही. दोन वर्षांनी नवरात्राच्या तोंडावर घरी आलेलो, तेव्हा सकाळी टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत तो मला पाठमोरा दिसला. मांडवाचे बांबू नुकतेच येऊन पडले होते, गल्ली शांत होती, आमच्यात दहा पावलांचं अंतर. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला वरच्या खिडकीतून एका बाईने वाकून बघितलं, पण काशिनाथ तसाच चालत राहिला आणि वळणावर दिसेनासा झाला. चार पावलं धावून त्याच्या खांद्यावर हात ठेवायला मला काय झालं होतं, हे मी आजही स्वतःला विचारतो. तेव्हा वाटलं, मी बँड मोडून गेलो, त्याचा राग आहे, ठीक आहे, राहू दे. लग्नाची पत्रिकासुद्धा त्याला दिली नाही. हेमंत तोवर आखातात गेला होता. मी तो राग जपला, चांगला जपला, वर्षानुवर्षं.

नंतर माझी बदली कल्याणला झाली. एका बेंजो पार्टीच्या मालकाच्या घरी नवा फोन जोडायला गेलो होतो. भिंतीवर बेंजो टांगलेलं होतं. काम झाल्यावर मी सहज एक बटण दाबून तार छेडली आणि थबकलो, इतकं सुरात लागलेलं बेंजो मी कधी ऐकलं नव्हतं. कुणी लावलं म्हणून विचारलं. मालक म्हणाला, "कोलशेतला एक बहिरा आहे, काशिनाथ. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळ्या पार्ट्यांची बेंजो त्याच्याकडे जातात."

मी त्याला परत विचारलं. त्याने परत तेच सांगितलं. मी त्याच्या ओट्यावर बसलो, आणि मला ती गल्ली दिसत राहिली, त्यातल्या माझ्या तीन हाका आणि ती वाकून बघणारी बाई.

दुसऱ्याच दिवशी कोलशेतला गेलो. घराच्या पुढच्या खोलीत तो बेंजोवर वाकून बसला होता. हनुवटी लाकडाला टेकवलेली, डोळे मिटलेले, एका हाताने खुंटी पिळतोय, दुसऱ्याने तार छेडतोय. सूर त्याला हाडातून जाणवत होता, तेवढंच त्याच्याकडे उरलं होतं. मी दारात उभा राहिलो, माझ्या सावलीने उजेड अडला तसे त्याने डोळे उघडले. मी रडत होतो आणि मोठमोठ्याने काहीतरी बोलत होतो. तो म्हणाला, "ओरडू नको. तोंड दिसू दे नुसतं." स्वतः मात्र फार मोठ्याने बोलला, आपला आवाज केवढा येतोय हे त्याला कळत नव्हतं.

त्या दुपारी त्याने सगळं सांगितलं. डोंबिवलीच्या पंधरा दिवस आधी त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन्ही कान जातायत, प्रेसचं काम सोड, मोठ्या आवाजापासून लांब राहा. "मी म्हटलं, लांब तर आता कायमचंच राहायचंय. एकदा जवळ जाऊन बघतो." म्हणून तो त्या रात्री अँपला चिकटून उभा होता. मी विचारलं, त्या रात्रीने आणखी बिघडलं का... त्याने खांदे उडवले. मग मी गल्लीतली गोष्ट सांगितली. तीन हाका, माझा राग, न दिलेली पत्रिका. शब्द तुटतील तसे पुन्हा पुन्हा सांगावे लागले, कारण माझे ओठच नीट हलत नव्हते. तो म्हणाला, पत्रं मिळाली होती, बहिरा झालो असं लिहायची लाज वाटली. आणि मग, तो पुढचा दात दाखवून हसला.

"तिसऱ्या गाण्यात शेवटाला तू धावलास," तो म्हणाला. "ठेका पुढे पळाला तुझा. मला तेव्हाच कळलं, हा कुठेतरी चाललाय."

म्हणजे खिशातलं पत्र त्याने मी दाखवायच्या आधीच ओळखलं होतं. आणि एवढ्या वर्षांत, एवढ्या शांततेत, तो शेवट त्याच्या डोक्यात ठेक्यासकट शाबूत होता.

पुढची पाच-सहा वर्षं मी महिन्यातून एकदा तरी जायचो. मी शेकडो घरांत फोन जोडून दिले आणि या एका मित्राशी बोलायला मात्र मला समोर जाऊन बसावं लागायचं. त्याचं मला वाईट वाटेनासं झालं. त्याचं लग्न झालं, जयवंती घरात आली, मुलगी झाली. घोडबंदर रस्त्याच्या कडेने इमारती उठायला लागल्या होत्या, त्यांच्या पायलिंगचे ठोके जमिनीतून त्याला जाणवायचे आणि तो बोटांनी मांडीवर त्यांचा ठेका धरायचा. गिटार त्याने कुणाला तरी देऊन टाकली होती. मी कधी विचारलं नाही. त्याने एकदा आपणहूनच सांगितलं की वाजवायचं राहिलं याचं दुःख तसं होतंच, पण झोप लागायच्या आधी अधूनमधून ती पातेली वाजतात, अगदी बरोब्बर सुरात.

गेल्या रविवारी पुन्हा कोलशेतला गेलो होतो. गणपती जवळ आलेत, त्यामुळे वेगवेगळ्या पार्ट्यांची सात बेंजो त्याच्या खोलीत पडून आहेत, झाकणं उघडलेली, काहींच्या तारा अर्धवट पिळलेल्या. पार्ट्यांची माणसं ती परत न्यायला आलेली नाहीत, त्यांना ती नेववत नसावीत. मी जमिनीवर बसलो. त्या खोलीची जमीन त्याने बापाच्या मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्यांनी मढवून घेतली होती, उंबऱ्यापासून त्याच्या बसायच्या जागेपर्यंत, सलग. त्याला हाक ऐकू जायची नाही आणि मागून कुणी हात लावला की तो दचकायचा, म्हणून जयवंती दाराशी आली की पहिल्या फळीवर टाच दोनदा आपटायची. ते त्याला फळीतून पोचायचं, आणि तो मान वळवायचा.

जयवंती चहा घेऊन दाराशी आली. उंबऱ्यावर थांबली. टाच दोनदा आपटली... सातही बेंजोंच्या तारा हलकेच थरथरल्या आणि त्यांचा एक बारीक, बेसूर गुंजारव खोलीत उठला. ती माझ्यामागच्या रिकाम्या जागेकडे बघत तशीच उभी राहिली. मी वळलो नाही. तारा शांत झाल्या. मग तिने कप माझ्यापुढे ठेवला आणि पदर सारखा करत म्हणाली, "सव्वा महिना झाला. पाय काय आयकत नाय."